सरा : शब्दाचा अर्थ व उगम

सरा : (सर्रा). घोडा, गाढव, खेचर, उंट, कुत्रा, गाय, म्हैस इ. प्राण्यांना ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या रक्तातील परजीवी आदिजीवामुळे होणारा रोग. घोडा व उंट यांच्यात तो तीव्र आणि बहुधा प्राणघातक असतो. गायीम्हशींत तो पुष्कळदा सौम्य किंवा सुप्त राहतो. रोगाचे हे नाव इंग्रजीमार्फत जगभरच्या पशुवैद्यकात रूढ झाले. इंग्रजीच्या काही प्रतिष्ठित शब्दकोशांत त्याचे मूळ मराठी असल्याचे सांगितले आहे, तर पशुवैद्यकीय ग्रंथांत ‘सडलेला’ या अर्थाच्या हिंदी शब्दापासून ते आल्याचे नमूद केलेले असते. या दोहोंपैकी कोणते मत ग्राह्य धरावे, याचा निर्णय रोगाची लक्षणे, शब्दाची पहिली नोंद आणि त्याचे रोमन लिपीतील लेखन या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यास करता येतो.

रोगाचे स्वरूप : परजीवी रक्तात शिरल्यावर घोड्यास ताप येतो, काही दिवसांनी उतरतो आणि पुन्हा चढतो. परजीवी आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे आवरण वरचेवर बदलतो. त्यामुळे शरीराने एका आवरणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करेपर्यंत दुसऱ्या आवरणाची पिढी वाढू लागते. तापाच्या या भरती-ओहोटीबरोबर रक्तक्षय वाढत जातो. डोळ्यांच्या व नाकाच्या श्लेष्मल पटलावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. पाय, पोटाचा खालचा भाग व छाती यांवर सूज येते. मागील पाय लटपटू लागतात. घोड्याची भूक मात्र पुष्कळदा अखेरपर्यंत टिकून असते. दाणावैरण खाणारे जनावर डोळ्यांदेखत झिजत जाते व उपचार न झाल्यास काही आठवड्यांत वा महिन्यांत मरते. घोडा बाळगणाऱ्याच्या मनावर ठसणारे लक्षण हेच होय.

पहिली नोंद : रोगाचे कारण ग्रिफिथ एव्हान्स (१८३५–१९३५) या वेल्श पशुवैद्याने १८८० मध्ये शोधून काढले. सिंधू नदीच्या पश्चिमेकडील डेरा इस्माइलखान (त्या काळी पंजाब प्रांतात, आता पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात) येथे लष्करी घोडे व उंट मोठ्या प्रमाणावर मरत होते. दुसऱ्या अफगाण युद्धाचा (१८७८–८०) तो काळ असल्याने सीमेवरील वाहतुकीच्या जनावरांचा प्रश्न सरकारच्या दृष्टीने निकडीचा होता. एव्हान्स यांना आजारी जनावरांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जीव दिसले. असे रक्त निरोगी जनावरांच्या शरीरात घालून त्यांनी रोग उत्पन्न करून दाखविला. हे जीव रोगाचे कारण नसावेत, असेच तत्कालीन अधिकारी वैद्यांचे मत पडले. सस्तन प्राण्यांत रोग उत्पन्न करणारा हा पहिलाच ट्रिपॅनोसोमा होता, हे पुढे मान्य झाले. एव्हान्स यांनी आपल्या अहवालात रोगाला वापरलेले नाव त्या भागातील लोकांच्या तोंडचे होते. नव्या रोगाला ग्रीक वा लॅटिन नाव देण्याच्या त्या काळात घोडेवाल्यांचा एक शब्द तसाच शास्त्रात गेला, तो असा.

मराठी व्युत्पत्तीचे मत : इंग्रजी शब्दकोशांत हा शब्द मराठी ‘सूर’ या शब्दाशी जोडला असून त्याचा अर्थ ‘नाकपुड्यांतून वाहणारी हवा’ किंवा ‘श्वासाची घरघर’ असा दिला आहे. हा अर्थ निराधार नाही. संस्कृत ‘स्वर’ या शब्दाचे ‘सूर’ हे तद्भव रूप आहे आणि स्वर या शब्दाला ध्वनीबरोबरच नाकावाटे चालणारा श्वास असाही अर्थ आहे. डाव्या नाकपुडीतून वाहणारा तो चंद्रस्वर व उजवीतून वाहणारा तो सूर्यस्वर, ही स्वरोदयशास्त्रातील परिभाषा सर्वपरिचित आहे. जे. टी. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाली. अर्थांच्या बारीक छटा नोंदविणारा असा कोश हाताशी असल्याने भारतीय शब्दांचा माग काढणाऱ्या इंग्रजी कोशकारांची दृष्टी मराठीकडे वळली असल्यास नवल नाही. रोगाच्या अखेरच्या अवस्थेत घोडा जोराने श्वास घेतो; त्यावरून ‘सूर’ हे नाव पडले, असा या मताचा आशय आहे.

या मताविरुद्ध चार आक्षेप संभवतात. पहिला अर्थाचा. जोराचा श्वास हे या रोगाचे व्यवच्छेदक लक्षण नव्हे. फुप्फुसाच्या व घशाच्या अनेक विकारांत ते याहून ठळकपणे आढळते. ताप, रक्तक्षय, सूज व झीज ही मुख्य लक्षणे सोडून शेवटच्या घटकेच्या श्वासावरून रोगाला नाव पडणे संभवनीय वाटत नाही.

दुसरा आक्षेप स्थळाचा. शब्दाची नोंद मराठी मुलखात झालेली नसून डेऱ्याच्या परिसरात झाली आहे. तेथील घोडेवाले व उंटवाले पंजाबी, सिराइकी, पश्तो व हिंदुस्थानी बोलणारे होते. त्यांनी आपल्या जनावरांच्या रोगासाठी मराठी शब्द वापरावा, याला काही विशेष कारण दाखवावे लागेल. तसे ते कोशांत दाखविलेले नाही.

तिसरा आक्षेप अंत्य स्वराचा. मराठीत ‘सूर’ हा शब्द अकारान्त लिहिला जात असला, तरी त्यातील अंत्य ‘अ’ उच्चारला जात नाही. कोशातील शब्द अक्षरशः रोमन लिपीत उतरवला म्हणजे शेवटी ‘ए’ हे अक्षर येते. पण एव्हान्स यांनी शब्द कोशातून घेतला नव्हता, कानांनी ऐकला होता. कानांनी ऐकलेल्या ‘सूर’च्या शेवटी हे अक्षर येण्याचे कारण नाही. ऐकलेल्या शब्दाच्या शेवटी स्पष्ट ‘आ’ असला पाहिजे.

चौथा व सर्वांत महत्त्वाचा आक्षेप लेखनपद्धतीचा. हा शब्द इंग्रजीत एस, यू, दोन आर व ए या अक्षरांनी लिहितात. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखक ‘यू’ हे अक्षर बहुधा आपल्या ऱ्हस्व ‘अ’साठी वापरीत. पंडित, पंजाब, लखनौ या शब्दांचे तेव्हापासून रूढ झालेले इंग्रजी लेखन याची साक्ष देते. दीर्घ ‘ऊ’ दाखविण्यासाठी ते दोन ‘ओ’ लिहीत. पुण्याचे ‘पूना’ हे जुने इंग्रजी लेखन तसे आहे. ‘सूर’ हा शब्द ऐकणाऱ्या इंग्रजाने तोही दोन ‘ओ’ घालून लिहिला असता. दोन ‘आर’ हेही बहुधा आधीचा स्वर ऱ्हस्व असल्याचे लक्षण आहे. तेव्हा मूळ उच्चार ‘सरा’, ‘सर्रा’ किंवा त्याच्या अगदी जवळचा असला पाहिजे.

समांतर उदाहरणे : हे अनुमान घोड्यांच्याच दुसऱ्या दोन रोगांच्या नावांनी पक्के होते. पावसाळ्यात घोड्याच्या अंगावर उठणाऱ्या व लवकर न भरणाऱ्या व्रणांना उत्तर भारतात ‘बरसाती’ म्हणत. इंग्रजी पशुवैद्यकीय ग्रंथांत या शब्दाची अनेक रूपे आढळतात. त्यांतील पहिल्या अक्षरातील ‘अ’ ‘यू’नेच लिहिलेला असतो. दुसरा रोग ‘कमरी’. यात घोड्याचा कमरेखालचा भाग निर्बळ होतो. गुरांच्या उदरपोकळीत राहणाऱ्या सिटारिया डिजिटाटा या कृमीच्या अळ्या डासांमार्फत घोड्याच्या शरीरात शिरतात आणि मज्जारज्जूत भरकटल्याने हा विकार होतो. ‘कमर’ या फार्सी शब्दावरून आलेले हे नावही इंग्रजीत ‘यू’ घालून लिहितात; त्यामुळे ते वाचणारा परदेशी मनुष्य ‘कुमरी’ असा उच्चार करतो. बरसातीचे ‘बुरसाती’, कमरीचे ‘कुमरी’ आणि सऱ्याचे ‘सुरा’ ही तिन्ही रूपे एकाच लेखनपद्धतीतून निघाली आहेत. पहिल्या दोन शब्दांची मुळे उघड असल्याने त्यांच्याविषयी घोटाळा झाला नाही. तिसऱ्याचे मूळ तितके उघड नव्हते. त्यामुळे ‘यू’ या अक्षराचा ‘उ’ असा उच्चार गृहीत धरून शोध सुरू झाला आणि तो ‘सूर’ या शब्दापाशी येऊन थांबला, असे दिसते.

‘सड्’ धातूशी संबंध : हिंदी ‘सड़ना’ या क्रियापदाचे पुल्लिंगी भूतकालवाचक रूप ‘सड़ा’ असे होते. पंजाबीतही हा धातू कुजणे, नासणे या अर्थांनी वापरात आहे. ‘ड़’ हा ध्वनी इंग्रजीत नसल्याने तो ‘आर’ या अक्षराने लिहिण्याचा प्रघात होता. हिंदी गाड़ी, साड़ी व कौड़ी हे शब्द इंग्रजीत गेले ते ‘आर’ घेऊनच. या नियमाने ‘सड़ा’चे रोमन लेखन जे होते, ते एव्हान्स यांच्या शब्दाशी स्वर, व्यंजन व अंत्य ‘आ’ या तिन्ही बाबतींत जुळते. अर्थही जुळतो. खाऊनपिऊन झिजणारा, अंगावर सूज चढलेला व आतून पोखरला गेलेला घोडा ‘सडला’ असे घोडेवाल्याने म्हणणे स्वाभाविक आहे. हिंदीतील ‘सर्राटा’ यासारख्या ध्वन्यनुकारी शब्दाशीही संबंध जोडता येईल. परंतु त्यातील वेगाचा वा वाऱ्याच्या आवाजाचा अर्थ या रेंगाळणाऱ्या रोगाला लागू पडत नाही. उपलब्ध पुराव्यावरून ‘सड़ा’ हेच मूळ अधिक संभाव्य ठरते.

‘सूर’ हे मूळ गेले, तरी मराठीचा या शब्दाशी असलेला संबंध तुटत नाही. प्राकृतातील ‘सडइ’ या रूपापासून हिंदी ‘सड़ना’ आणि मराठी ‘सडणे’ ही दोन्ही क्रियापदे आली आहेत. म्हणजे रोगाच्या नावाचा सख्खा भाऊ मराठीत आहे. तो ‘सूर’ नसून ‘सडका’ व ‘सडलेला’ हा आहे. मूळ शब्द उत्तरेकडून मराठीत थेट आला असता, तर गाड़ी-गाडी, साड़ी-साडी या न्यायाने तो ‘सडा’ असा झाला असता. मराठी घोडदळाच्या परिभाषेत मात्र ‘सडा’ या शब्दाला निराळाच अर्थ आहे. सडा स्वार म्हणजे सामानसुमानाचे ओझे नसलेला स्वार आणि सडी फौज म्हणजे बाजारबुणगे मागे ठेवून निघालेली चपळ फौज. आज मराठी पशुवैद्यकीय पुस्तकांत व शासकीय पत्रकांत आढळणाऱ्या ‘सरा’ व ‘सर्रा’ या रूपांत ‘ड’ऐवजी ‘र’ आहे. शब्द इंग्रजी लेखनाच्या मार्गाने मराठीत आला, याची ही खूण होय.

इतर प्रदेशांतील नावे : या रोगाला व त्याच्या निकटच्या प्रकारांना निरनिराळ्या देशांत पडलेली नावे पाहिल्यास लोक रोगाचे नामकरण कशावरून करतात, हे कळते. दक्षिण अमेरिकेतील ‘माल दे कादेरास’ म्हणजे ढुंगणाचा रोग. हे नाव मागील पायांच्या लटपटीवरून पडले. उत्तर आफ्रिकेतील अरबी ‘अद्‌देबाब’ हे नाव चावणाऱ्या माशीवरून आले आहे. भारतात उंटांच्या या रोगाला ‘तिबरसा’ म्हणतात. उंट तीन वर्षांपर्यंत आजारी राहतो, हा त्याचा अर्थ. म्हणजे कोठे लक्षण, कोठे कारण आणि कोठे रोगाचा कालावधी नावाला आधारभूत झाला आहे. ‘सड़ा’ हे नाव रोग्याच्या एकूण अवस्थेवरून पडलेले असून या मालिकेत ते सहज बसते. माशीवरून पडलेले अरबी नाव विशेष उल्लेखनीय आहे. कारण माशी व रोग यांचा संबंध प्रयोगाने सिद्ध होण्यास १९०१ साल उजाडावे लागले.

मुंबई व पुणे येथील संशोधन : शब्द शास्त्रीय परिभाषेत स्थिर होण्यास महाराष्ट्रातील दोन संस्थांशी निगडित व्यक्तींचे लेखन कारणीभूत झाले. जॉन हेन्री स्टील यांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांच्या साथीचा अभ्यास करून परजीवीला स्पायरोकीटा इव्हान्साय असे नाव दिले. जीवाची जात ओळखण्यात त्यांची चूक झाली. तो ट्रिपॅनोसोमा प्रजातीतील असल्याचे १८८८ मध्ये बाल्बियानी यांनी ठरविले. तथापि एव्हान्स यांच्या गौरवार्थ स्टील यांनी योजलेले जातिनाम कायम राहिले. हेच स्टील १८८६ मध्ये परळ येथे सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होत. १८८९ च्या अखेरीस पुणे येथे शाही सूक्ष्मजंतुशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली व तिचे प्रमुख ॲल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सऱ्यावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा या रोगावरील अहवाल १८९३ मध्ये मुंबईस छापला गेला. प्रयोगशाळा त्याच सुमारास कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. सोमलाच्या संयुगाने सऱ्याचा परजीवी रक्तातून नाहीसा होतो, हे लिंगार्ड यांनी दाखविले. ट्रिपॅनोसोमाविरुद्ध रासायनिक औषधे शोधण्याच्या प्रयत्नांचा हा आरंभ होता. शब्दाचे मूळ मराठी असल्याचा समज दृढ होण्यास मुंबई व पुणे या स्थलनामांचा हातभार लागला असणे शक्य आहे.

पनवेल-बोरघाट मार्ग : रोगप्रसाराला कशा प्रकारची स्थळे अनुकूल ठरतात, हे समजण्यास जुन्या पनवेलचे उदाहरण उपयुक्त आहे. आगगाडीपूर्वीच्या काळात मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी गलबताने खाडीतून पनवेलला उतरे व तेथून घोडा, पालखी वा गाडी करून बोरघाट चढे. घाटातील गाडीरस्ता सर जॉन माल्कम यांनी नोव्हेंबर १८३० मध्ये खुला केला. देशावरून उतरणारे बैलांचे तांडे, ओझ्याची तट्टे, टपालाचे व प्रवाशांचे घोडे आणि लष्करी जनावरे पनवेलच्या तळावर एकत्र येत. गाड्यांची चाके बनविण्याचा पनवेलचा प्रसिद्ध धंदा या रहदारीवरच पोसला गेला. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला व १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली. त्यानंतर या वाटेचे महत्त्व उतरले.

सऱ्याचा परजीवी गोमाशीच्या (टॅबॅनिडी कुलातील माशीच्या) शरीरात वाढत नाही. माशी एका जनावराचे रक्त पीत असता ते शेपटीने वा अंग थरथरवून तिला उडवून लावते. अर्धपोटी माशी लगेच शेजारच्या जनावराला चावते आणि तोंडाला लागलेले रक्त त्याच्या शरीरात जाते. हे संक्रमण थोड्याच वेळात व्हावे लागते, कारण माशीच्या तोंडावरील परजीवी फार काळ जिवंत राहत नाही. म्हणून जनावरे दाटीने बांधलेली असणे, त्यांत बाहेरून निरोगी दिसणारी पण परजीवी बाळगणारी गुरे असणे आणि पावसाळी ओलीमुळे माश्यांची पैदास होणे या तीन गोष्टी एकत्र आल्या की रोग पसरतो. घाटाच्या पायथ्याचे तळ, लष्करी छावण्या व जनावरांचे बाजार येथे त्या सहज एकत्र येत. पनवेलच्या पूर्वेस माथेरान येथे मोटारींना बंदी असल्याने घोडा हे आजही उपजीविकेचे साधन आहे. अशा ठिकाणी गुरांचे व घोड्यांचे तबेले वेगळे राखणे आणि पावसाळ्यात रक्ततपासणी करणे हाच प्रतिबंधाचा मार्ग आहे.

घोड्याच्या मृत्यूचा परिणाम मालकाच्या सामाजिक स्थानावरही होई. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार व सरकारी वा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा मेला व दुसरा घेण्याची ऐपत नसली, तर शिलेदाराला बारगिरी पत्करावी लागे. रोगांची नावे अशा लोकांनी ठेवली असल्याने त्यांत लक्षणांचे निरीक्षण काटेकोर असते. शालिहोत्रापासून चालत आलेल्या अश्ववैद्यकाच्या ग्रंथपरंपरेइतकेच हे लोकज्ञानही महत्त्वाचे आहे. उत्तरेकडील घोड्यांच्या वैद्यांना मिळालेले ‘सालोतरी’ हे नाव शालिहोत्रावरूनच आले असून ग्रंथ व लोकव्यवहार यांचा परस्परसंबंध ते दर्शविते.

प्रसार व उपचार : विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातून नेलेल्या गुरांबरोबर हा रोग मॉरिशसमध्ये गेला आणि रोगाबरोबर त्याचे नावही गेले. लेनर्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये गोमाशीमार्फत होणारे संक्रमण प्रयोगाने दाखविले. सोमलानंतर सुरामीन, क्विनापायरामीन, डायमिनाझीन इ. औषधे प्रचारात आली. घोड्यांसाठी भारतात क्विनापायरामीन प्रामुख्याने वापरतात. परजीवी वरचेवर आवरण बदलत असल्यामुळे रोगावर परिणामकारक लस तयार होऊ शकलेली नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नोंदणीय रोगांच्या यादीत ‘सरा’ याच नावाने त्याचा समावेश आहे.

मनुष्याच्या रक्तरसातील एका प्रथिनामुळे हा परजीवी माणसात सहसा टिकत नाही. २००४ मध्ये महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्यास तो झाल्याचे आढळले. भारतातील ही पहिली निश्चित मानवी नोंद होय. रोग्यास सुरामीनने बरे करण्यात आले. परजीवीचा नाश करणाऱ्या त्या प्रथिनाचा त्याच्या रक्तात अभाव असल्याचे पुढील तपासणीत दिसून आले. पंजाबच्या सीमेवर घोडेवाल्यांनी योजलेले नाव अशा रीतीने महाराष्ट्रातील एका मानवी रोग्याच्या निदानापर्यंत येऊन पोहोचले. मराठीत ते ‘सरा’ असे लिहावे. कारण तेच रूप रूढ आहे. मात्र त्याचा अर्थ सांगताना ‘सूर’ या शब्दाकडे न जाता ‘सडणे’ या क्रियापदाकडे जाणे उपलब्ध पुराव्यास अधिक धरून आहे.